रुसव्याला रकाना नाही : मराठी बालशिक्षणातील भावनेची भाषा

१

बुलढाणा जिल्ह्यात ‘कुठले तुम्ही?’ असे विचारले, की माणूस आधी ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’ एवढेच सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने केलेली ही वाटणी आहे. माझी थोरली बहीण घाटावरच्या एका गावात एकतीस वर्षे अंगणवाडी सेविका होती. सरकारी नोंदवह्यांखेरीज तिची स्वतःची एक शंभरपानी वही असे. ती भरली की दुसरी. अशा सात वह्या तिने निवृत्त झाल्यावर माझ्या स्वाधीन केल्या. ‘तुले वाचाचा नाद हाये, पाहा काही कामाचं निघते का’ एवढेच म्हणाली. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते तालुक्याच्या वाचनालयात. त्यामुळे आधी या वह्यांकडे मी ‘साहित्य’ म्हणून पाहिलेच नाही. पानापानांवर अशा नोंदी होत्या : ‘आज पुन्हा दाराआड. बोलला नाही. खिचडी घेतली नाही. मावशीने दोनदा हाक मारली तेव्हा हसला.’ दुसऱ्या दिवशी : ‘दाराआडच, पण दार थोडं उघडं.’

हे सरकारी वहीत का नाही लिहिले, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, ‘वजन लिवाले जागा हाये, लस लिवाले जागा हाये. पोट्टं रुसलं तं कुठं लिवू?’

गेल्या काही वर्षांत शिक्षणाच्या चर्चेत ‘सामाजिक-भावनिक अध्ययन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या भावना ओळखता याव्यात, त्या सांभाळता याव्यात, दुसऱ्याचे मन जाणता यावे, भांडण मिटवता यावे, यासाठी वर्गात काय करायचे याचा तो विचार आहे. विचार चांगला आहे. पण तो आपल्याकडे जणू आत्ताच प्रथम आला अशा थाटात मांडला जातो, आणि ज्या मराठीत मांडला जातो ती मराठी लेकराला नव्हे, कार्यालयाला उद्देशून असते. प्रस्तुत लेखात मराठी वाचकाला परिचित असलेल्या काही ग्रंथांतून आणि काही सरकारी दस्तऐवजांतून लहान मुलाच्या भावनेविषयीची भाषा कशी बदलत गेली, तिच्यात काय आले आणि काय गळाले, हे पाहण्याचा प्रयत्न आहे. बहिणीच्या वह्या मी पुरावा म्हणून नव्हे, तर कसोटी म्हणून वापरणार आहे.

२

मराठी घरात लहान मुलाच्या मनाविषयीचे सर्वात जास्त वाचले गेलेले पुस्तक म्हणजे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक रात्रींमध्ये विभागले आहे. एकेका रात्री श्याम एकेक आठवण सांगतो. या पुस्तकाची भाषा संस्काराची आहे. मुलाचे मन ओले असते, त्यावर जे उमटवाल ते राहते, असा तिचा विश्वास आहे.

त्यातला पोहण्याचा प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर धाडते. श्याम पोहायला शिकतो. शाळेत असताना हा प्रसंग मला फार आवडायचा. भीती मोडायची तर अशी, असे वाटे. माझा मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हा मीही त्याला आमच्या वावरातल्या विहिरीत ढकलले. कमरेला रिकामा डबा बांधलेला होता, दोर माझ्या हातात होता; जिवाला धोका नव्हता. तो पोहायला शिकला. मात्र त्या उन्हाळ्यात तो माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलला, आणि मी त्याला ‘शहाणा झाला’ असे समजलो.

पुष्कळ वर्षांनी तो प्रसंग पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आले, की मी त्याचा निम्माच भाग उचलला होता. पुस्तकात मार दिल्यावर प्रसंग संपत नाही. आई मुलाजवळ येते, त्याचा राग तिला दिसतो, तिचे डोळे भरून येतात, आणि आपण का मारले हे ती त्याला सांगते. मुलाला राग येण्याचा अधिकार आहे हे ती मान्य करते. आजच्या बालमानसशास्त्रात तुटलेले नाते पुन्हा सांधण्याला फार महत्त्व आहे. मोठ्या माणसाकडून चूक होणारच. ती झाल्यावर तो मुलाकडे परत येतो की नाही, यावर मुलाचा विश्वास ठरतो. साने गुरुजींच्या आईला हे ठाऊक होते. तिचे वाचक असलेले आम्ही बाप आणि मास्तर मात्र मार तेवढा लक्षात ठेवून बसलो.

तरीही एक आक्षेप उरतोच. संस्काराच्या भाषेत मुलाची भीती ही घालवायची गोष्ट असते. ती कशाची आहे, हे कुणी विचारत नाही. श्यामला पाण्याचे नेमके काय भय वाटत होते, हे आईने विचारल्याचे आपल्याला आठवत नाही. आठवतो तो तिचा निर्धार. या भाषेने महाराष्ट्राला पुष्कळ दिले, पण मुलाच्या मनात डोकावण्याऐवजी त्याच्या मनावर लिहिण्याची सवयही तिनेच लावली.

३

याच काळात, याच प्रदेशाशी नाते असलेली दुसरी एक भाषा घडत होती. तिला मी निरीक्षणाची भाषा म्हणतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत होत्या. वऱ्हाडाला हा ऋणानुबंध फारसा आठवत नाही. पुढे त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर काम करू लागल्या. १९२६ मध्ये तेथेच नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरींनी गरीब वस्तीत सुरू केलेल्या बालगृहाचा विचार या दोघांनी गुजराती आणि मराठी मुलांच्या अंगाला बसेल असा बेतला.

हे बेतणे सोपे नव्हते. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या १९३०च्या दशकातल्या कथारूप पुस्तकात त्याचा मोठा प्रामाणिक दाखला आहे. नवा शिक्षक मोठ्या तयारीने वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी माँटेसरी पद्धतीतला शांततेचा खेळ घेतो. मुले दंगा करतात, खेळाचा पुरता फज्जा उडतो, आणि त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. नंतर तो गोष्टी सांगू लागतो आणि मुले जवळ येतात. मला हा प्रसंग बालशिक्षणावरच्या आपल्या लेखनातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. बाहेरून आणलेली शांतता वर्गात पसरवता येत नाही; आधी मुलांनी शिक्षकाला आपला मानावे लागते. आज ज्यांच्या प्रशिक्षणात ‘पाच मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष’ असा उपक्रम सांगितला जातो, त्यांनी ‘दिवास्वप्न’ची ती सुरुवातीची पाने जरूर वाचावीत.

ताराबाईंच्या पुस्तकांची नावेच पाहा : ‘बालकांचा हट्ट’, ‘बिचारी बालके’, ‘बालविकास व शिस्त’. हट्ट हा तोवर मोडायचा विषय होता. त्यांनी तो अभ्यासायचा विषय केला. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी निघाली. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे, शिंपले वापरले गेले. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात या साऱ्याचा अनुभव मांडला.

त्यांचा मोठेपणा मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या परंपरेत स्वच्छता, टापटीप, शिस्तशीर हालचाल यांना फार वरचे स्थान आहे. आदिवासी पाड्यावरच्या मुलाला आंघोळ घालणे हे प्रेमाचे काम होते यात शंका नाही. पण त्या प्रेमात ‘तुझ्या घरी हे होत नाही’ असा एक अबोल शेराही असतो, आणि मूल तो बरोबर ऐकते. आपल्या घराची लाज वाटणे हीसुद्धा भावनाच आहे, आणि ती अनेकांना प्रथम शाळेत कळते. निरीक्षणाच्या भाषेने मुलाकडे बारकाईने पाहिले. मूल आपल्याकडे कसे पाहते, हे तिने त्या मानाने कमी लिहिले.

४

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू केली. आपल्या शेजारच्या मेळघाटातील धारणी हा त्यांपैकीच एक. योजनेने कोसबाडचा शब्द घेतला, पण त्याचा आशय बदलला. अंगणवाडीवर सहा सेवा सोपवल्या गेल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषणाच्या देशात आहाराला पहिला मान मिळणे योग्यच होते. पण सेविकेचे मोजमाप ज्या गोष्टी किलोत आणि सेंटिमीटरमध्ये मोजता येतात त्यांवरून होऊ लागले. अकरा नोंदवह्या आल्या, २०२१ पासून मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर आला. रुसव्याला रकाना नव्हता तो नव्हताच.

आता तो येऊ घातला आहे, आणि इथेच तिसरी भाषा सुरू होते, कौशल्याची. अमेरिकेत १९९४ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने सामाजिक-भावनिक अध्ययनाच्या पाच क्षमता मांडल्या : स्वतःची जाण, स्वतःवर ताबा, समाजाची जाण, नाती जोडण्याचे कौशल्य आणि जबाबदारीने निर्णय घेणे. जगभरच्या अभ्यासक्रमांवर या मांडणीची छाया आहे. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्याने पंचकोशांची जुनी कल्पना पुढे केली आणि सामाजिक-भावनिक-नैतिक विकासाला स्वतंत्र क्षेत्राचा दर्जा दिला. २०२४ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला.

या दस्तऐवजांवर अन्याय करू नये. आराखडा स्पष्टपणे सांगतो, की या वयात लेखी-तोंडी परीक्षा नकोत. मुलाचे निरीक्षण करावे आणि त्याने केलेल्या कामावरून त्याची प्रगती जाणावी. शिक्षक आणि मूल यांच्यातल्या विश्वासाच्या नात्यालाही त्यात महत्त्व आहे. ताराबाईंना हे वाचून बरेच वाटले असते. अडचण त्यापुढे येते. दस्तऐवज दिल्लीहून मुंबईला, तिथून जिल्ह्याला, प्रकल्पाला, बीटला आणि शेवटी सेविकेपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा तक्ता होतो. भिंतीवर चार गोल चेहरे चिकटवले जातात : आनंद, दुःख, राग, भीती. मुलाने सकाळी येऊन आपला चेहरा निवडायचा. हा उपक्रम वाईट नाही. पण चारच चेहरे दिले, तर मूल चारांतूनच निवडते, आणि आपण समजतो की त्याच्याकडे चारच भावना आहेत.

५

आमच्या भागात लेकराच्या मनासाठी किती शब्द आहेत ते पाहा. ते रुसते, फुगते, फुरंगटते, हिरमुसते, बावरते, भेदरते, लाजते, बुजते, कावरेबावरे होते, भोकाड पसरते, मुसमुसते, चिडीला येते, हट्टाला पेटते. यांतले प्रत्येक क्रियापद वेगळे आहे. बुजलेल्या मुलाला थोडे अंतर हवे असते, भेदरलेल्याला लगेच कुशी हवी असते. दोघांच्या चेहऱ्याखाली ‘भीती’ असे लिहिले, तर सेविकेने काय करायचे हे त्यातून कळत नाही. शब्द पुसला की त्याबरोबर उपायही पुसला जातो.

रुसण्याचेच घ्या. तक्त्यावर त्याची जागा रागाच्या चेहऱ्याखाली. पण राग परक्याचाही येतो. रुसायला मात्र आपलेच माणूस लागते. बस चुकली म्हणून आपण बसवर रुसत नाही. जो आपली समजूत काढायला येईल अशी मनातून खात्री असते, त्याच्यावरच रुसता येते. बहिणीच्या वहीतला दाराआडचा मुलगा आधी तीन आठवडे अंगणवाडीत नुसता गप्प बसत होता. सांगितले ते करायचा, दिले ते खायचा. त्या दिवसांची तिची नोंद आहे : ‘त्रास काहीच नाही. मले बरं वाटत नाही.’ ज्या दिवशी तो प्रथम रुसून दाराआड गेला, त्या दिवशी तिने लिहिले : ‘आला आता आपल्यात.’ कौशल्याच्या तक्त्यावर हा मुलगा ‘भावनांवर ताबा’ या सदरात खाली घसरला असता. तिच्या हिशेबी तो वर चढला होता. बालमानसशास्त्रही तिच्याच बाजूने बोलेल. जवळच्या मोठ्या माणसाशी सुरक्षित नाते जुळणे हा पुढच्या साऱ्या भावनिक वाढीचा पाया आहे, आणि परक्या जागी अति शहाणपणाने वागणारे मूल नेहमी सुखात असतेच असे नाही.

दुसरा शब्द ‘सावरणे’. अभ्यासक्रमांच्या मराठीत ‘भावनांचे नियमन’ किंवा ‘व्यवस्थापन’ असे म्हणतात. नियमन आपण वाहतुकीचे करतो, व्यवस्थापन आपत्तीचे. लेकरू सावरते. या क्रियापदात एक मोठे शहाणपण आहे : ‘आईने लेकराला सावरले’ असेही म्हणता येते आणि ‘लेकरू सावरले’ असेही. आधी दुसरे कुणी सावरते, मग आपले आपण सावरता येते. जे तत्त्व शिकवायला प्रशिक्षणात एक अख्खे सत्र लागते, ते आपल्या व्याकरणातच आहे. तसेच ‘समजूत घालणे’ आणि ‘समजूत काढणे’. घालतो तेव्हा आपली समजूत त्याच्यात घालतो. काढतो तेव्हा त्याच्या मनातले बाहेर काढतो. संस्काराची भाषा पहिलीवर विसंबून राहिली. दुसरी आज्या-मावश्यांनी टिकवली.

मुलांची स्वतःचीही एक व्यवस्था असते, कट्टी आणि बट्टी. करंगळी दाखवून नाते तोडायचे आणि दोन बोटे जुळवून पुन्हा जोडायचे. नाते तुटू शकते, पण तुटलेले जोडण्याचीही रीत आहे, हे चार वर्षांच्या मुलांना कुणी न शिकवता कळते. मोठ्यांनी प्रत्येक भांडणात पडून ‘सॉरी म्हण’ असा हुकूम सोडला, की त्यांची ही रीत मोडते.

मात्र मराठीचा हा अभिमान फार ताणू नये. घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत काही पाड्यांवरची मुले घरी कोरकू किंवा भिलांची बोली बोलतात. त्यांच्यासाठी ‘रुसणे’ हाही परकाच शब्द. त्यांचा रुसवा कोणत्या शब्दाने उघडतो, हे तिथल्या मदतनीस बाईला बहुधा ठाऊक असते. पण अभ्यासक्रम लिहिताना तिला कोण विचारतो?

६

एका नोंदीजवळ मी बराच थांबलो. एका घरात बाप गेला. आमच्या जिल्ह्यात ज्या कारणाने शेतकरी जातात, त्याच कारणाने. तेराव्यानंतर साडेचार वर्षांचा मुलगा अंगणवाडीत आला. तो रडत नव्हता. रोज तो चिंध्यांची बाहुली जमिनीवर निजवी, फडक्याने तोंडापर्यंत झाकी आणि कुणाला हात लावू देत नसे. मदतनीस म्हणाली, हे अशुभ आहे, बाहुली काढून घ्या. बहिणीने काढली नाही. ती जवळ बसून तांदूळ निवडत राहिली. सहाव्या दिवशी तिने विचारले, ‘हिले भूक लागली असंन का रे?’ मुलगा काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने आपल्या ताटलीतली खिचडी बाहुलीजवळ ठेवली. पुढे त्याची आई त्याला घेऊन माहेरी गेली. त्याचे नंतर काय झाले, हे वहीत नाही.

त्या महिन्याच्या सरकारी नोंदीत वजन आहे, उंची आहे, हजेरी आहे. माझी भीती अशी, की उद्या रकाना मिळाला तर त्यात ‘भावना व्यक्त करतो : नाही’ अशी खूण होईल. मुलगा तर आठ दिवस तेच करत होता. फक्त तोंडाने नाही. ती वाचणारे कुणी जवळ होते, आणि तिला बसायला वेळ होता, म्हणून ते व्यक्त झाले.

हा वेळ आता उरला आहे का, हा खरा प्रश्न आहे. एक सेविका, एक मदतनीस आणि भोवती वीस-पंचवीस लेकरे. त्यात गृहभेटी, आहाराचे वाटप, सर्वेक्षणे, मोबाइलवर चढत नसलेली माहिती. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीपर्यंत चालला. त्यांच्या मागण्या मानधनाच्या, निवृत्तिवेतनाच्या होत्या. त्या बातम्या आणि ‘सामाजिक-भावनिक विकास’ यांचा संबंध कुणी जोडला नाही. पण जी बाई स्वतः सावरलेली नाही, तिने पंचवीस जणांना सावरावे, ही अपेक्षा व्याकरणातसुद्धा बसत नाही.

म्हणून या परंपरेच्या वाचनातून मला एवढेच सुचवावेसे वाटते. नव्या अभ्यासक्रमाने संस्काराच्या भाषेतून मुलाकडे परत येण्याची रीत घ्यावी, निरीक्षणाच्या भाषेतून धीर घ्यावा, आणि कौशल्याच्या भाषेतले तक्ते थोडे बाजूला ठेवून सेविकेला एक कोरी वही द्यावी. तिने त्यात आपल्या बोलीत लिहावे. त्या वहीवरून कुणाला गुण देऊ नयेत. महिन्याच्या बैठकीत सेविकांनी ती एकमेकींना वाचून दाखवावी, आणि पर्यवेक्षिकेने ऐकावी. कोसबाडला जे ज्ञान जमले ते अशाच पाहण्या-लिहिण्यातून जमले असणार.

वह्या वाचून झाल्यावर मी मुलाला पुण्याला फोन केला आणि विहिरीचा विषय काढला. तो आता चौतीस वर्षांचा आहे, त्याला स्वतःची लेक आहे. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘बाबा, मले पाण्याचं भेव नव्हतं. त्या विहिरीत कासव आहे असं आजी म्हणायची, त्याचं भेव होतं.’ अठ्ठावीस वर्षांत मी त्याला ते विचारले नव्हते.